सुल्ताँव कुणाचा?

सुल्ताँव मळ्यावर आला तेव्हा ओंजळीत मावेल एवढं कुत्र्याचं पिल्लू होता. डॉक्टर एव्हांद्रोंनी त्याला गाडीतून उतरवलं, त्याच्यासोबत फोटो काढून घेतला आणि जांदिराच्या हातात दिला. नऊ वर्षांत डॉक्टरांनी त्याच्यासाठी केलेलं हेच काय ते काम. हे शहरातले दातांचे डॉक्टर, शनिवार-रविवार मळ्यावर हवा खायला यायचे. जांदिरा मात्र बारा महिने तिथंच, मागच्या दोन खोल्यांत, राखणीला. नवरा वारल्यापासून एकटीच.

दिवाणखान्यात सुल्ताँवच्या वंशावळीचा कागद चौकटीत लावलेला. पाहुणे आले की डॉक्टरांची टकळी सुरू. "अस्सल फिला जातीचा राखणीचा कुत्रा आहे! मालक सोडून कुणाला जवळ येऊ देत नाही. प्रदर्शनात परीक्षकसुद्धा चार हात लांब उभा राहतो!" आणि हे कुठून सांगायचे? बंद काचेआडून. कारण सुल्ताँव डॉक्टरांनाही पाहुणाच समजायचा. डॉक्टर यायचे म्हटलं की जांदिरानं आधी त्याला साखळी घालायची, असा त्या मळ्याचा नियम होता.

त्या साखळीची कडी झिजली होती. जांदिरानं दोनदा फोन करून सांगितलं. "बघू," डॉक्टर म्हणाले. बघतोय कोण!

मार्चमध्ये ग्लेसी आली. नगरपालिकेची पोरगी, डासांच्या अळ्या शोधत घरोघरच्या टाक्या तपासणारी. फाटकाशी उभी राहून तिनं इथल्या रीतीनं, हाक म्हणून टाळ्या वाजवल्या. जांदिरानं सुल्ताँवला खांबाला बांधलं, मगच फाटक उघडलं.

"मावशी! आहेस होय अजून? मला वाटलं कुत्र्यानं खाल्लं तुला."

"मला खाऊन त्याचं पोट भरायचं नाही. ये, कॉफी टाकलीय."

ग्लेसीनं तिला कडकडून मिठी मारली, पाठीवर दोन सणसणीत थापा दिल्या. आम्ही मिनास प्रांतातली माणसं भेटतो ती अशीच. हात जोडून लांब उभं राहणं आम्हाला जमतच नाही. पण सुल्ताँवला काय दिसलं? कुणी परकीनं आपल्या बाईला धरलंय आणि ती तिला मारतेय. कडी तुटली.

जांदिरा "सोड!" म्हणून ओरडली आणि त्यानं त्याच क्षणी सोडलंही. तोवर ग्लेसीच्या उजव्या हाताचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. सुल्ताँव येऊन जांदिराच्या पायाशी बसला आणि शाबासकीची वाट बघू लागला.

पिसाळलेला नाही ना, ते बघायला नगरपालिकेनं सुल्ताँवला दहा दिवस नजरेखाली ठेवायला नेलं. ग्लेसीनं पोलिसांत तक्रार दिली, आणि का देऊ नये? जांदिरा दवाखान्यात भेटायला गेली तेव्हा तिनं पट्टीतला हात पुढे केला. "तुझ्यावर राग नाही गं मावशी. पण ही दोन बोटं मिटायची नाहीत म्हणतात. टाकीत बघायला बॅटरी कशी धरू? मला कामावर कोण ठेवील?"

जांदिराला रडू आलं नाही. घरी आली, भांडी घासली, अंगण झाडलं. हात चालत होते. आत सगळं बधिर.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, डॉक्टरांचा वकील तिला गाडीत घालून पोलीस चौकीवर घेऊन गेला. वाटेत अगदी गोड बोलला. "साधी गोष्ट आहे, बाई. असा कुत्रा धावतो कुणासाठी? मालकासाठी. हा कुणासाठी धावला? कुणाच्या शब्दावर थांबला? पोरीनं स्वतःच तक्रारीत लिहिलंय. म्हणजे मालकीण तुम्हीच. एकदा तसं लिहून दिलंत, की त्याला घरी न्यायचा हक्कही तुमचाच."

नऊ वर्षांत सुल्ताँव तुझा, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. त्या बधिरपणातही तिला ते ऐकून बरं वाटलं, मोठं बरं वाटलं. चौकीवर पोचल्यावर तिनं तशा कागदावर सही केली.

"मग कधी न्यायचा त्याला?" तिनं टेबलामागच्या कारकुनाला, निवाल्दोला विचारलं.

निवाल्दोनं फाइल चाळली. एका कागदावर थांबला. "बाई, परवाच सुई देऊन मारला त्याला. मालकाची लेखी संमती आहे. सही डॉक्टर एव्हांद्रोंची."

मग निवाल्दो वकिलाकडे वळला. "काय हो साहेब, मंगळवारी कुत्रा डॉक्टरांचा आणि गुरुवारी बाईंचा? बुधवारी कुणाचा होता?"

"ती तांत्रिक बाब आहे," वकील म्हणाला.

"तांत्रिक!" निवाल्दोनं जांदिराचा कागद बाजूला ओढला. "बाई, तुमच्या नावावर घर आहे? जमीन?"

"काही नाही."

"मग त्या पोरीला तुमच्याकडून काय भरपाई मिळणार? म्हणून तर हा खटाटोप. अजून शिक्का मारलेला नाही मी. आता तुम्हीच सांगा, कुत्रा कुणाचा?"

"राहत्या खोल्या डॉक्टरांच्या आहेत, बाई," वकील म्हणाला. "विचार करून बोला."

खोल्यांचा विचार तिच्या मनात आलाच नाही. तिला एवढंच वाटत होतं, की गेला तर गेला, निदान या एका कागदावर तरी तो आपला राहू दे. एकच सही, तीही केलेली. पण डोळ्यांपुढे ग्लेसीची ती न मिटणारी बोटं.

"डॉक्टरांचा," ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा निघाला.

निवाल्दोनं कागद फाडला, नवा घेतला आणि लिहायला बसला. "तुमचा त्याच्याशी संबंध काय, तेही लिहावं लागतं."



"संबंध असा काही नाही," ती म्हणाली. "मक्याचं पीठ शिजवून घालायचे. तेवढंच."

निवाल्दोनं तेवढंच लिहिलं आणि कागद सहीसाठी तिच्याकडे सरकवला.