लॉगरिथम शिकवणारा दोर

परवा नातीच्या दप्तरातून लॉगरिथमची कोष्टकं बाहेर पडली आणि मला चौलकडच्या शाळेतला साठ वर्षांपूर्वीचा माझा वर्ग दिसला.

मी तिथे गणिताचा मास्तर; मुलांकडून कोष्टकं घोकून घेत होतो, पण अर्थ कुणालाच कळत नव्हता. एके दिवशी कोळीवाड्यातली हिरा बापाच्या होडीवरचा ओलसर, खारट वासाचा दोर घेऊन आली. तिने तो तीनदा दुमडला, आठ पदर झाले. आणखी दोनदा दुमडला, म्हणजे चौपट, बत्तीस झाले.

"मास्तर, आठ चोक कशाला करता? घड्या मिलवा ना! तीन नि दोन पाच."

वर्ग हसला. लॉगरिथम म्हणजे घड्यांची मोजणी, हे मलाही तेव्हाच उमगलं.

पुढच्या आठवड्यात अलिबागहून तपासणीला साहेब आले. त्यांच्यासमोर मी तोच दोर दुमडला. "वा! कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं. चाचणीत नापास झाली म्हणून हिराचा मॅट्रिकचा फॉर्म अडवणारे हेडमास्तर शेजारीच उभे होते. तिचं नाव घेतलं असतं, तर फॉर्म सुटला असता.

"माझीच, साहेब," मी म्हणालो.

हिराने माझ्या हातातून दोर काढून घेतला. "बापाला होरीवर लागंल," एवढंच बोलली. पुन्हा ती शाळेत आली नाही.

पुढे तीस वर्षं मी त्याच रीतीने शिकवलं आणि प्रत्येक वर्गाला ती माझी म्हणून सांगितली. ती हिराची होती.