भावोजींची पॅडल शिफ्टरवाली गाडी

आमचे भावोजी गाडीत बसले की पट्टा लावायच्या आधी बोटांची कवायत करत. दहाही बोटं उघडमीट करायची, मग स्टिअरिंगच्या मागची दोन छोटी पाती, डावीकडचं वजा आणि उजवीकडचं अधिक, एकेकदा चाचपायची, आणि मग मागे वळून आम्हाला सांगायचं, "आता नीट बसा." इतक्या तयारीने जायचं असे कुठे, तर खांदेश्वरहून वाशीला भाजी आणायला.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शालूताईचे यजमान. न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर, ते बंदर आपणच चालवत होतो असं सांगायला सुरुवात केली. गुडघा दुखायला लागला, क्लच दाबवेना, म्हणून ऑटोमॅटिक गाडी घेतली. पण ऑटोमॅटिक हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे. सोसायटीत त्यांनी गाडीची ओळख करून दिली ती अशी: "स्पोर्ट्‌स मॉडेल आहे. पॅडल शिफ्टर. शर्यतीच्या गाड्यांना असतात ते."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. अशा गाडीत गिअर गाडीच बदलते. तरी कुणाला स्वतः बदलावासा वाटला, किंवा घाटात उतरताना खालचा गिअर धरून ठेवायचा असला, तर ही पाती असतात. गिअरचा दांडा 'डी'वर, म्हणजे नेहमीच्या 'ड्राइव्ह'वर, असताना पातं ओढलं तर गाडी तुमच्या मनासारखं घटकाभर करते आणि मग पुन्हा आपल्या मनासारखं चालू लागते. हे भावोजींना कधीच कळलं नाही. नेरूळच्या सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत त्यांची टकटक चाले. "दुसरा टाकला. आता तिसरा. कळला का फरक?" आम्हाला काही कळत नसे. गाडीच्याही ते लक्षात राहत नसे.

मधूनच गाडी टुंग असा आवाज करी. त्यावर भावोजींचा चेहरा खुले. "सलाम केला बघ. मालक ओळखते ती." पाहुण्यांना ते मुद्दाम टुंग ऐकवत. एकदा आमच्या व्याह्यांना त्यांनी पाम बीच रोडवर पाच वेळा सलाम करून दाखवला. व्याही वाशी येईपर्यंत हँडल धरून बसले होते.

"गाडी चालवायची असते, तिच्यात बसायचं नसतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं, "इंजिनाशी बोलता आलं पाहिजे." स्वतःच्या बायकोशी ते दिवसाकाठी जेमतेम चार वाक्यं बोलत, त्यातली दोन चहाबद्दल असत. इंजिनाशी मात्र भरभरून.

ताई सरकारी शाळेत शिक्षिका होती. ज्या वर्षी तिला मुख्याध्यापकपदाची बढती मिळाली त्या वर्षी हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. शाळा मिळाली ती उरणच्या पलीकडच्या गावात. सकाळची एसटी शाळा भरल्यावर पोचणारी. तीन महिन्यांत होकार कळवायचा, नाहीतर बढती हातची जाणार. ताईने पनवेलच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं, क्लचची गाडी शिकली, पहिल्या फटक्यात लायसन्स काढलं आणि घरी येऊन किल्ली मागितली.

"त्या रस्त्यावर कंटेनर असतात," भावोजी म्हणाले. "तिथे गाडी हातात पाहिजे. डीमध्ये टाकून नुसतं बसून चालत नाही."

"लायसन्स मिळालंय मला."

"लायसन्स काय, कुणालाही देतात. आधी पॅडल शीक. मी सांगीन तेव्हा किल्ली."

मग शिकवणी सुरू झाली. रविवारी खारघरच्या रिकाम्या रस्त्यावर ताई स्टिअरिंगवर, भावोजी शेजारी आणि मी मागे. "आता डावं. अगं डावं. उशीर केलास. इंजिन काय म्हणालं, ऐकलंस का?" ताई गाडी उत्तम चालवत होती, आणि भावोजींना नेमकं तेच सोसत नव्हतं. दर रविवारी ते तिला नापास करत. मुदत संपत आली. एका संध्याकाळी ताईने मला फोन करून थंडपणे सांगितलं, "कुंदा, नकार कळवून टाकते. उगाच घरात कटकट नको." मला इतका संताप आला की मी फोन ठेवून दिला. ज्या बाईने सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या पोरांना धीट केलं, तिने एका टकटक करणाऱ्या माणसासाठी आपली खुर्ची सोडायची.

त्याच आठवड्यात लोणावळ्याला भावोजींच्या पुतण्याचं लग्न होतं. परतताना जुन्या रस्त्याने घाट उतरत होतो. भावोजींना आज मैदान मिळालं होतं. पाय ब्रेकवर, बोटं पात्यांवर. "उतारावर खालचा गिअर," ते मला शिकवत होते. टुंग. "बघ, दुसरा टाकला." टुंग. "बघ, पहिला." गाडी आपली होती त्याच वेगात पळत होती.

"अहो, जळका वास येतोय," ताई म्हणाली.

"ट्रकचा असेल."

दोन वळणं गेली आणि भावोजींचा आवाज बदलला. "अगं, ब्रेक खाली जातोय." तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. पाय दाबदाबून, हँडब्रेक ओढून त्यांनी कशीबशी गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. आम्ही उतरून दगडांवर बसलो. मागून लग्नाचं वऱ्हाड हात हलवत निघून गेलं.

चाकं निवल्यावर, ब्रेक पुन्हा धरतोय की नाही हे ताईने दोनदा दाबून पाहिलं आणि ड्रायव्हरच्या जागी बसली. भावोजी म्हणाले, "अगं, घाट आहे."

"म्हणूनच मी बसलेय," ताई म्हणाली. "आणि तो सलाम नाही हो. वेग जास्त असताना तुम्ही खालचा गिअर मागता, तेव्हा गाडी नाही म्हणते. सर्व्हिसिंगवाल्याने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, तुला कुणी विचारलंय."

भावोजी मागच्या सीटवर जाऊन बसले. पुढे बायकोच्या शेजारी ओळखीच्या कुणी पाहिलं असतं तर, म्हणून. ताईने दांडा डीवरून मॅन्युअलवर, म्हणजे गिअर आपणच बदलायच्या खुणेवर, ओढला, वेग यायच्या आधीच पहिल्यावरून उजवं पातं एकदा दाबून दुसरा गिअर धरला, आणि गाडी हलकेच गुरगुरत, मागच्या ट्रकवाल्यांचे हॉर्न खात, सावकाश उतरली. ब्रेकवर पाय क्वचितच गेला. खोपोलीत भावोजी म्हणाले, "आता सपाट आहे, दे इकडे." ताई म्हणाली, "बसा." घरी पोचल्यावर किल्ली तिने आपल्या पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

एवढं झाल्यावर माणूस वरमेल असं कुणालाही वाटेल. भावोजींनी सोसायटीत सांगितलं की आता गाडीला ड्रायव्हर आहे, आणि ते कायमचे मागच्या सीटवर बसू लागले. "मालक मागेच बसतो," हे नवं वाक्य तयार झालं.

ताई शाळेत रुजू झाली त्या दिवशी मी रजा काढून बरोबर गेले. कंटेनरच्या रांगांमधून ताईने गाडी शांतपणे काढली. मी पुढे, भावोजी मागे, इस्त्रीचा सदरा घालून. शाळेच्या फाटकात रांगोळी होती, पोरं रांगेत उभी होती. गावाला नवीन हेडमास्तर येणार एवढंच कळलेलं. शाळा समितीचे अध्यक्ष, एक म्हातारे गृहस्थ, हार घेऊन लगबगीने आले आणि त्यांनी मागचं दार उघडलं. "या सायेब, आमी कवाशी वाट बगताव."

भावोजी उतरले. त्यांनी ताईकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता सांगा, एवढं एक वाक्य बोला. भावोजींनी मान खाली केली. हार गळ्यात पडला. त्यांनी तो नीट सारखा केला आणि पोरांना हात जोडले.

ताईने गाडी बंद केली, किल्ली काढली, उतरून पदर सावरला. "नमस्कार. मी नवीन मुख्याध्यापिका."

अध्यक्ष कानकोंडे झाले. हार एकच होता. ते भावोजींच्या गळ्याकडे पाहू लागले, आणि भावोजींचा हात हाराकडे गेला, तिथे थांबला, पण हार काही निघेना.

"राहू द्या हो," ताई अध्यक्षांना म्हणाली. "मला पोरं भेटली की झालं." आणि ती रांगेतल्या पहिल्या मुलीचं नाव विचारायला वाकली.

इतकी वर्षं मला भावोजींचा राग येत होता. त्या सकाळी, फाटकाशी झेंडूच्या हारात एकट्या उभ्या असलेल्या त्या माणसाकडे कुणीच बघत नव्हतं, आणि मला त्यांची फार कीव आली.