सुतळीच्या गाठी आणि मिस्त्रींची फळी

नागपूरच्या हायकोर्टात अपील निघालं त्या दिवशी मला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. मी चांद्याच्या एका वकिलांकडे नवाच ज्युनिअर होतो, आणि पेटंटचा दावा आमच्याकडे कोणी पाहिलासुद्धा नव्हता.

पेटंट वडशाच्या एका सुतार मिस्त्रींचं. लाकडाच्या डेपोत कोणत्या थप्पीत किती नग उरले ते दाखवणारी भोकांची फळी त्यांनी बनवली होती. भोकांत खुंट्या, आणि खुंट्या धरून ठेवणारा खटका. एका ठेकेदाराने हुबेहूब तशाच फळ्या करून विकायला काढल्या. पेटंटमध्ये शब्द होते ‘पर्मनंट रेकॉर्ड’. खुंटी उपटता येते, मग नोंद पर्मनंट कसली, असं म्हणून खालच्या कोर्टाने मिस्त्रींना घरी पाठवलं होतं. आता अपीलही हरलं असतं तर त्यांची फळी कोणीही बनवायला मोकळा होता.

आमचे सीनियर सांगत होते की पर्मनंट म्हणजे पाहिल्याने न पुसणारी, मुद्दाम बदलेपर्यंत टिकणारी. जज्जसाहेबांनी विचारलं, पाहिल्याने पुसणारी नोंद असते तरी कुठे?

तशी नोंद माझ्या कोटाच्या खिशातच होती! कुरखेड्याकडच्या एका गोंड स्नेह्याने मुलीच्या लग्नाचं आमंत्रण म्हणून गाठी मारलेली सुतळी धाडली होती. रोज सकाळी एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की लग्न; वाचत जावं तशी नोंद पुसत जाते. मी ती सीनियरांच्या हातात कोंबली आणि कानात सांगितलं. त्यांनी दाखवायला मलाच उभं केलं. मग काय, अंगात वारंच शिरलं. ही पहिली सकाळ, ही दुसरी, असं म्हणत मी भराभर सगळ्या गाठी सोडून टाकल्या.

“किती होत्या?” जज्जसाहेबांनी विचारलं.

मी मोकळ्या सुतळीकडे पाहिलं. “आता सांगता येणार नाही, साहेब.”

ते हसले, आणि खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिले. अपील आम्ही जिंकलं. बाहेर आल्यावर मी मिस्त्रींना मिठीच मारली, नाचायचं तेवढं बाकी होतं. आणि मग ध्यानात आलं, लग्न कधी ते आता मलाच ठाऊक नव्हतं. उद्याच जाऊन मांडवात बसून राहणं भाग होतं.

मी तसं बोलून दाखवलं तेव्हा मिस्त्री आपली फळी फडक्यात बांधत होते.

“वकीलसाहेब, माह्या फळीवर खुंट्या लावून ठेवाच्या होत्या न,” ते म्हणाले. “कितीबी पाहा, हालत नाई.”