एकतीस मार्चचा मोतीबिंदू

चहा आधी संपवा, कारण एकदा मी सुरू झालो की तो गार होणार. आणि हसायचं तर खुशाल हसा; होळी नावाच्या आमच्या गावात गेले दोन महिने दुसरा उद्योगच नाही. मी एक थाप मारली हो. एकच! तीही सख्ख्या बापाच्या भल्यासाठी. आणि त्या एका थापेने मला असं काही तोंडावर पाडलं म्हणून सांगू!

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, शहात्तर वर्षांचे. जन्मभर वाडी केलेला माणूस. केळी, अळू, मोगरा, सोनचाफा, सगळं स्वतःच्या हाताने. तब्येत ठणठणीत, फक्त दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण ते कबूल कोण करणार?

"दिसतं रे मला सगळं," म्हणायचे आणि दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या शर्टाला "या, बसा" म्हणायचे. माझ्या बायकोने, वैशालीने, हॉलमध्ये प्लॅस्टिकचं झाड ठेवलं होतं. त्याला आठवडाभर पाणी घातलं! वर म्हणाले, "सूनबाई, झाड तरारलंय हो."

आम्ही हसत होतो. पण एके सकाळी विहिरीच्या काठापासून वीतभर अंतरावर त्यांचा पाय पडताना मी पाहिला. त्याच दिवशी ठरवलं, ऑपरेशन करायचंच.

अडचण पैशांची नव्हतीच. सत्तरीच्या पुढच्यांना फुकट उपचार मिळतात ते सरकारी कार्ड दादांनी मागच्या वर्षी स्वतः रांगेत उभं राहून काढलं होतं. काढलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. रोज हळदकुंकू! गणपतीच्या शेजारी कार्डावरचा दादांचा फोटो, दोघांच्याही कपाळाला कुंकू. वापरायचं नाव मात्र नाही.

"दादा, एक पैसा लागणार नाही."

"फुकट मिळतं म्हणून काय डोळा कापून घ्यायचा? पुढच्या वर्षी बघू."

हे 'पुढच्या वर्षी' कार्ड यायच्या आधीपासून, तीन वर्षं चाललं होतं. तेव्हा माझं डोकं चाललं. चाललं म्हणजे काय, घसरलं!

आता आम्हा वाडीवाल्यांचं एक असतं. आम्ही काही वाया जाऊ देत नाही. केळीचं पान जेवायला, केळफूल भाजीला, खोडाचं सोपट गजरे बांधायला आणि उरेल ते खताला. दादांच्या हातून फुकट गेलेली वस्तू मी जन्मात पाहिलेली नाही. म्हणून मार्चच्या मध्यावर मी चेहरा पाडून म्हटलं, "दादा, तुमचं कार्ड एकतीस तारखेला संपतं. वापरलं नाही तर सगळं सरकारला परत."

दादांचा घास हातातच राहिला. "परत? सगळं?"

"सगळं."

"मग सोमवारीच जाऊ," दादा म्हणाले.

मी जिंकलो होतो! वैशालीकडे बघून मी चक्क डोळा मारला. पण एक गोष्ट विसरलो. आमचे दादा एकट्याने कधी काही खात नाहीत, वाटून खातात.

दुसऱ्या दिवशी बाजारात फुलं द्यायला गेले आणि भेटेल त्याला ही बातमी देऊन आले. दुपारी मी सातिवलीला कंपनीच्या स्टोअरमध्ये कामावर होतो, तर दादांचे जुने दोस्त गजूमामा यांचा फोन.

"सुधीर, माझं कार्ड कोरं पडलंय रे! मला काहीच झालेलं नाय!"

"चांगलंच आहे की, मामा."

"चांगलं काय त्यात? एकतीसला सगळं जाणार! एखादा बारीकसा आजार सुचव ना."

संध्याकाळी अर्नाळ्याची हिरामावशी दारात. आम्हाला वर्षानुवर्षं मासळी देणारी. सुकटीची पिशवी वैशालीच्या हातात देत म्हणाली, "भाऊ, माजे एका गुडघ्यान पानी झालंय. पन कार्ड जानारच हाय, तर दोनीचा काढायला सांग."

खरं सांगून टाकायचं ना, असं तुम्ही म्हणाल. कसं सांगू? ते दादांच्या कानावर गेलं असतं आणि पुन्हा 'पुढच्या वर्षी'! मी प्रत्येकाला नुसतं "बघू" म्हणत सुटलो. या वयातल्या माणसांना 'बघू' म्हणजे 'या' असं ऐकू येतं, हे मला कुठे माहीत?

सोमवारी मी दादांना रिक्षाने हॉस्पिटलात नेलं. खाली उतरतो तर मागून गजूमामांचा भाजीचा टेम्पो! त्यातून आठ म्हातारे आणि ठेवणीतली साडी नेसलेली हिरामावशी उतरली. नऊ जणांच्या नऊ पिशव्या. टॉवेल, चिवडा, पत्त्यांचा कॅट. सिस्टरांसाठी मोगऱ्याचे गजरे वेगळेच. लग्नाचं वऱ्हाड यापेक्षा गरिबीने येतं.

कार्डाच्या खिडकीवर एक तरुण मुलगी बसली होती. गजूमामा पुढे सरसावले.

"आम्हाला सगळ्यांना एकाच खोलीत द्या. वारा येईल अशी बघा."

"आजोबा, तुम्हाला काय होतंय?"

"ते तुम्ही शोधायचं! एकतीस मार्चला कार्ड संपतंय, मोकळ्या हाताने परत जाणार नाय आम्ही."

मुलीने कपाळाला हात लावला. मी नऊ जणांच्या मागे उभा राहून तिला हातवारे करायला लागलो. नको, बोलू नको, गप्प राहा!

"पण घाई कसली? वापरलं नाही म्हणून काही परत जात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मिळतंच. एकतीस मार्च तुम्हाला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "सर, तुम्हाला काही त्रास होतोय का?"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

दादा बाकावरून उठले. "सुध्या, बापाला थापा मारतोस?" एवढंच म्हणाले आणि तरातरा दाराकडे निघाले. मी मागे धावलो. "दादा, ऐका तरी!" कुठलं ऐकतात! दाराशी काढलेल्या चपला पायात सरकवल्या आणि पायरी उतरायला लागले.

"ओ दादा!" हिरामावशी ओरडली. "माजी चप्पल घेऊन कुठं चाललाव?"

बघतो तर एका पायात स्वतःची काळी आणि दुसऱ्या पायात मावशीची, सोनेरी फुलाची! सगळा हॉल हसला. दादाही हसायला गेले. मग वाकून बघायला लागले. दिसेना. हाताने चाचपलं, तेव्हा बोटांना ते फूल लागलं.

दादा पायरीवरच बसले. मला इतकं वाईट वाटलं ना त्या वेळी! हळूच म्हणाले, "भीती वाटते रे. आहे तेवढी नजर पण गेली तर? मग वाडीत काय करू मी?"

गजूमामा शेजारी येऊन बसले. "अरे, आम्ही नऊ जण आलोय ना? आता आलोच आहोत तर बसतो बाहेर. तुझं झाल्याशिवाय टेम्पो हलणार नाय."

आणि खरंच बसले हो! दादांना आत नेलं, तेव्हा बाहेर पत्ते मांडले, चिवडा फिरला, सिस्टर तीनदा येऊन दटावून गेल्या, गजरे माळून गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचं बीपी तपासलं. हिरामावशीला गुडघ्यासाठी खरोखरची तारीख मिळाली. गजूमामांना "तुम्ही अगदी धडधाकट आहात" सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी काढली. ती कार्डाची मुलगी कागदांवर सही घ्यायला आली होती. दादांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग वैशालीकडे. "सूनबाई, तुझ्या साडीला बारीक बुट्टे आहेत ते मला ठाऊकच नव्हतं." तिचे डोळे भरून आले.

मग माझ्याकडे वळले. बघतच राहिले. तीन वर्षांनी बाप मुलाचा चेहरा बघत होता हो! मला जवळ बोलावलं, टाळूवरून हात फिरवला, कानाजवळचे केस निरखले, डोळ्यांखाली बोट टेकवलं.

"अरे देवा," म्हणाले आणि त्या मुलीकडे वळले. "बाई, ह्याचं पण कार्ड काढून टाका. सत्तरी कधीच उलटलेली दिसते ह्याची."

"दादा! मी एक्कावन्नचा आहे!"

दादांनी नव्या डोळ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"परत थापा मारतोस?"