नमस्काराचे वळण

आमच्या आतोबांनी आयुष्यात मोटर चालवली नाही, कुणी त्यांच्या हाती दिली असती अशातलाही भाग नाही. पण मोटरला अपघात कशाने होतो या विषयावर त्यांच्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. हातखंब्याच्या पुढे, कोल्हापूरच्या रस्त्याला लागून त्यांचे घर. मोटरसर्व्हिस सुरू झाली तेव्हा गाव मोटर बघायला धावला. आतोबा ती कशी उलटेल हे बघायला गेले. "बैलाला मरायची भीती असते, म्हणून गाडीवान झोपला तरी गाडी घरी येते. मोटरला कसली आल्ये भीती?" हा त्यांचा मूळ सिद्धान्त, आणि बाकीचे सगळे त्यातूनच निघाले होते.

मोटरीत बसायची वेळ आली की ते आधी तिला प्रदक्षिणा घालत, आंबा पिकलाय का बघावा तसे टायर दाबून बघत. टपावर फणस चढवलेले त्यांना मुळीच खपत नसे. वर वजन झाले की वळणावर गाडी कलंडते म्हणत. एकदा पालीला त्यांनी एका भटजींचे फणस खाली उतरवायला लावले, आणि भटजी रुसून बसले तेव्हा त्यांतला सगळ्यांत मोठा फणस स्वतःच्या मांडीवर घेऊन रत्नागिरीपर्यंत गेले. धोतराला लागलेला चीक आत्याने खोबरेल चोळचोळून काढला. त्या वेळी ती काय बोलली ते लिहिण्यासारखे नाही. ड्रायव्हरशी कुणी गप्पा मारू लागला तर आतोबा मागून त्याला छत्रीने टोचत, मग तो मामलेदार का असेना.

त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक अवघड वळण होते. एका बाजूला जांभ्याची दरड, दुसऱ्या बाजूला ओढ्याचा खोल वहाळ, आणि नेमक्या वळणावर राखणदाराचे, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचे, ठाण. एक लॉरी तिथे वहाळात गेली. माणसे वाचली, पण राखणदार कोपला असे ठरले. ड्रायव्हर मंडळींनी नारळ फोडले आणि तिथून जाताना हात जोडायचा नेम धरला. काही दिवसांनी दुसरी मोटरही वहाळात गेली, तेव्हा कोप वाढला म्हणून नमस्कारही वाढले. आतोबा दिवसभर दरडीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मोटरी न्याहाळत राहिले आणि संध्याकाळी त्यांनी आत्याला सांगितले, की राखणदाराचा यात काही दोष नाही, हे मेलेच वळणावर दोन्ही हात सोडतात. त्यातल्या त्यात हुसेन ड्रायव्हर शहाणा. तोही राखणदाराला मानी, पण सलाम एका हाताने करी.

गाव हसला. आतोबांना मात्र हसणे परवडणारे नव्हते. त्यांची एकुलती एक लेक कोल्हापूरला दिलेली. ती पहिलटकरीण, आणि बाळंतपणाला ह्याच रस्त्याने मोटरने यायची होती. त्यांची झोप उडाली. शेवटी त्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला, की राखणदाराने वळण सोडून जरा अलीकडे सपाटीवर यावे. गुरवाने गाऱ्हाणे घातले. कौल डावा पडला.

"देव काय जागा सोडीत नाय," गुरव म्हणाला.

अलीकडची नको तर पलीकडची सपाटी चालेल का, असे आतोबांनी विचारले. पुन्हा डावा. मग ते बराच वेळ खांबाला टेकून बसले आणि उठून त्यांनी निराळाच प्रश्न घालायला सांगितला: यजमानाचे पुण्याहवाचन भटजी करतो, तसा ड्रायव्हरचा नमस्कार दुसऱ्याने केला तर देवाला पोचतो का? कौल उजवा पडला.

दुसऱ्या दिवसापासून आतोबा वळणावर. मोटर दिसली की ते कडेला उभे राहून ओरडत, "हात चाकावर ठेव रे, तुझा नमस्कार मी करतो," आणि राखणदाराकडे वळून हात जोडत. ड्रायव्हरांनी आधी थट्टा केली, मग त्यांनाही ते सोयीचे वाटले. पावती म्हणून ते भोंगा वाजवू लागले. भोंग्याला एकच हात लागतो, म्हणजे हुसेनच्या सलामाइतकाच, असा हिशेब करून आतोबांनी तेवढी परवानगी दिली. भोंग्याने समोरची बैलगाडी सावध होते हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते, पण त्याचेही श्रेय त्यांनी घेतले.

लेक आली त्या दिवशी मी तिथेच होतो. मोटरीतून "बाबा" अशी हाक आली. आतोबांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. हात राखणदाराकडे जोडलेले, मान वळवलेली आणि डोळे ड्रायव्हरच्या हातांवर. मोटर सपाटीला लागली तेव्हा ते ठाणाच्या पायरीवर मटकन बसले आणि उपरण्यात तोंड घालून लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसून माझ्यावर खेकसले, "बघतोयस काय? टपावर फणस होते की नाही ते सांग."

आता आतोबा नाहीत. ड्रायव्हरही बदलले. वळणावर भोंगा मात्र अजून वाजतो, आणि नवे लोक सांगतात की राखणदाराला भोंगा आवडतो. मी कुणाची समजूत काढत बसत नाही. परवा त्या वळणावर आमच्या ड्रायव्हरने भोंगा दाबला आणि हात पुन्हा चाकावर ठेवला. कडेला कुणी उभे नव्हते. मला आतोबांची फार आठवण आली. ड्रायव्हरचा नमस्कार तसाच राहिला होता, तो मी केला.