शाल, श्रीफळ आणि भ्रूणांची टाकी

माझ्या आक्काला फसवलं. गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराला. ज्या वंध्यत्व केंद्रात उपचार घेऊन तिला मुलगी झाली, तिथं आम्ही दोघी निपाणीहून बेळगावला गेलो होतो. तिचे दोन भ्रूण तिथल्या टाकीत गोठवून ठेवले होते आणि तिला दुसरं मूल हवं होतं. काउंटरवरची बाई म्हणाली, "ते आता संशोधनाकडं दिलेत."

जसं काही शिवायला टाकलेलं पोलकं चुकून दुसरीला दिलं!

विचारलं कुणाला? आक्काला नाही, दाजींनाही नाही. जोडप्याच्या लेखी संमतीशिवाय भ्रूण संशोधनाला देताच येत नाहीत. डॉक्टर "बघतो, बघतो" म्हणत राहिले. मी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडं तक्रार ठोकली.

तपासणीचा दिवस ठरला आणि तो आमच्या आधी केंद्रालाच कळला! वर कहर म्हणजे, तिथल्या जाहिरात बघणाऱ्या पोराचा आक्कालाच फोन. "ताई, मोठे साहेब येणार आहेत. छोटीला घेऊन या. औक्षण तुमच्याच हातनं करू." तक्रार कुणाची, हे त्या टेबलाचं या टेबलाला माहीत नव्हतं.

"अजिबात जायचं न्हाय," मी म्हणाले.

"का गं? ताट माझ्याच हातात द्यायलेत की!"

आमच्या भागात ट्रॅक्टर घेतला तरी सत्कार, बदली झाली तरी सत्कार. पण तपासायला आलेल्या माणसाला फेटा? दारात रांगोळी, वर 'हार्दिक स्वागत'चा फलक. साहेब धारवाडकडचे. फेटा बांधून, शाल पांघरून, नारळ सांभाळत उभे. आक्कानं कुंकू लावलं, ओवाळलं आणि ताट तसंच पुढं धरून ठेवलं. साहेब ओशाळून खिसा चाचपू लागले.

"पैसं नकोत, साहेब."

"मग एन बेकु, आक्का? काय पायजे?"

"टाकी उघडा. माझं दोन भ्रूण कुठं हायत, ते डोळ्यांनी बघायचंय."

डॉक्टर मोठ्यानं हसले. "आक्का लई गमतीच्या आहेत. साहेब, आधी नाष्टा घेऊ."

आता मला राहवेना. "साहेब, तक्रार मीच केली. गुन्ह्याचा संशय असला की कुठल्याही वाजवी वेळी आत शिरायचा, झडती घ्यायचा, कागद नि सामान जप्त करायचा अधिकार कायद्यानं तुम्हाला दिलाय. आधी नाष्टा, असं त्यात कुठं न्हाय!"

मग साहेबच खो खो हसले. फेटा उतरवून त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिला. "उप्पिट झाकून ठेवा. चला आत."

टाकी उघडली, तर आक्काच्या खणात काहीच नव्हतं. तिचा चेहरा पांढरा पडला. साहेब म्हणाले, "संशोधनाची वरची खोली उघडा." डॉक्टर म्हणाले, किल्ली सापडत नाही. साहेब म्हणाले, "मग कुलूप तोडतो." किल्ली लगेच सापडली. संशोधनाच्या टाकीचं झाकण निघालं, पांढरा धूर बाहेर लोटला आणि छोटी ओरडली, "आई, आईस्क्रीम!" सगळ्यात खालच्या कप्प्यात आक्काच्या नावाच्या दोन नळ्या होत्या. कुणी हात न लावलेल्या.

"हायत गं! हायत!" आक्का मला गदागदा हलवायला लागली. नळ्या तिच्यासमोर परत तिच्या खणात गेल्या. वरच्या खोलीला साहेबांनी सील ठोकलं.

उप्पिट आम्ही खाल्लं. गार झालं होतं, पण चांगलं होतं.

राग माझा अजून उतरलेला नाही. आत शिरायचा अधिकार साहेबांना पहिल्या दिवसापासून होता. तो वापरायला माझ्या बहिणीनं ताट घेऊन वाट अडवायची काय गरज? आणि जिला औक्षणाला बोलावलंच नाही, तिनं काय करायचं? तेव्हा वाचून नुसतं हसू नका. तुमच्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना आजच लिहा: तपासणीला न कळवता जा, हार न घेता जा, आणि प्रत्येक टाकी उघडा. खाली स्वतःची सही करा.