बोरीवलीच्या शाळेतली बाग आणि सुमनचा टोमॅटो

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नाहूरच्या एका शाळेत चौथीला शिकवायचे. पोरांच्या डब्यात चहात बुडवायचा पाव, नाहीतर फाटकाबाहेर विकत मिळणाऱ्या तळलेल्या, तेलकट नळ्या. भाजी दिली की तोंड वाकडं. बोरीवलीच्या एका शाळेने मुलांना भाज्यांची गोडी लागावी म्हणून बाग केली आणि बक्षीस मिळवलं, असं कळलं. मी आणि आमच्याच शाळेतले, मूळ मालवणचे परब सर, दोघांनी ठरवलं, वर्ग घेऊन बघून यायचं.

मुलुंडहून पवईमार्गे अंधेरीची बस धरली. साकीनाक्याला लेथच्या कारखान्यांसमोर ट्रक आडवा लागलेला, तिथेच सकाळ गेली. तुम्ही जाणार असाल तर लवकर निघा आणि पाणी घरून न्या. अंधेरीला बस बदलून बोरीवलीला पोचलो तेव्हा पोरं भुकेने कावली होती.

बाग मात्र झकास होती. लाल माठ, मुळे, वालाचा मांडव, लालभडक टोमॅटो. भोवती तारेचं कुंपण. मुख्याध्यापिका स्वतः दाखवत होत्या.

"मुलं यातलं काय काय खातात?" मी विचारलं.

"मुलं निरीक्षण करतात. भाजी शाळेच्या कमिटीच्या लोकांकडे जाते."

"मग फाटकावर 'मुलांनी भाज्या खाव्यात म्हणून' असं लिहिलंय ते?"

"तो उद्देश आहे."

त्यांच्या कॅन्टीनमध्ये तेव्हा बटाटेवडे तळले जात होते. माझं डोकं तिथेच फिरलं.

तेवढ्यात माझ्या वर्गातल्या सुमनने एक टोमॅटो तोडून तोंडात घातला. गिरणी बंद पडल्यापासून तिचे वडील घरी बसलेले; सकाळी काही खाऊन आली होती की नाही, देव जाणे. मुख्याध्यापिकाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थुंक. आधी थुंक."

पोरीने सगळ्यांसमोर घास मातीत थुंकला.

मी त्यांचा हात सोडवला. "बाई, चोरी नाही केली तिने. तुमच्या फाटकावर लिहिलंय तेच केलं," म्हटलं. परब सर पोरांना म्हणाले, "चला रे. ही बाग बघूक आसा, खावक नाय."

नॅशनल पार्कच्या फाटकाशी एक बाई काकड्या विकत होती. मीठ लावून पोरांनी फडशा पाडला. सुमनने हात पुढे केला नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसून राहिली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही शाळेमागची पडीक पट्टी खणायला घेतली. हेडमास्तर कुरकुरले, "पोरं सगळं खाऊन टाकतील."

"त्यासाठीच लावतोय," मी म्हटलं.

एप्रिलच्या परीक्षेआधी टोमॅटो धरले. माठाचं नाव काढलं की पळणारी पोरं कोवळी पानं तोडून चावत होती. सुमनने स्वतः वाढवलेल्या रोपाचा पहिला टोमॅटो तोडला आणि माझ्याकडे आली.

"बाई, खाऊ? कोणी ओरडणार नाही ना?"

"तुझाच आहे गं. खा."

तिने भिंतीकडे तोंड केलं आणि भराभर खाल्ला.

बाग रुजली, पोरं भाजी खायला लागली, प्रवास फळला असं म्हणता येईल. पण ती पाठमोरी पोर आठवली की आजही माझा संताप होतो. कुठल्या शाळेची बाग बघायला जाणार असाल, तर फाटकातच विचारा, पोरांना खाऊ देता का. नाही म्हणाले, तर आत पाऊल टाकू नका.